योजना हक्काची की मर्जीची : राजकीय आश्रयशाही तपासण्याची पद्धत

एखाद्या सामाजिक योजनेचे मूल्यमापन करायचे म्हटले की बहुतेक जण आधी दोन आकडे मागतात : खर्च किती झाला आणि लाभार्थी किती. हे दोन्ही आकडे चोख असूनही ती योजना राजकीय आश्रयशाहीचे, म्हणजेच क्लायंटेलिझमचे, साधन असू शकते. कारण येथे खरा प्रश्न पैसा पोहोचला की नाही हा नसून, तो कोणाच्या मर्जीने पोहोचला आणि कोणाची मर्जी फिरली तर उद्या थांबेल, हा आहे. विद्यार्थी, पत्रकार किंवा संघटनेचे कार्यकर्ते यांपैकी ज्यांना एखादी योजना या अंगाने तपासायची असेल, त्यांच्यासाठी पुढील मार्गदर्शन आहे. त्याचा सगळा भर मर्जीच्या जागा शोधण्यावर आहे.

आधी व्याख्या पक्की करावी

सत्तेच्या जागी असलेली व्यक्ती किंवा पक्ष एखाद्याला वैयक्तिक लाभ देतो, त्या बदल्यात मत, सभेतील हजेरी किंवा प्रचारातील श्रम यांची अपेक्षा ठेवतो, आणि ती अपेक्षा पुरी झाली नाही तर लाभ काढून घेण्याची शक्यता कायम हाताशी ठेवतो, तेव्हा त्या संबंधाला राजकीय आश्रयशाही म्हणता येते. यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. निवडणूक तोंडावर आली असताना सरकारने सर्व वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढवले, तर त्यामागचा हेतू कितीही मतलबी असला तरी ती आश्रयशाही ठरत नाही, कारण विरोधी पक्षाला मत देणाऱ्या वृद्धाची वाढीव रक्कम कोणालाही अडवता येत नाही. आपल्या मतदारसंघाकडे पूल आणि रस्ते ओढून नेणे हा पक्षपात आहे, पण पुलावरून कोणी जावे हे पुढाऱ्याला ठरवता येत नाही. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे वाटणे हा गुन्हाच आहे, परंतु तो एका रात्रीत संपणारा व्यवहार असतो. आश्रयशाहीतला संबंध वर्षानुवर्षे चालतो. या चारही गोष्टींना ‘मतांसाठी वाटप’ असे एकच नाव देऊन मोकळे होण्याची सवय सोडावी, कारण प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो आणि प्रत्येकीवरचा इलाजही वेगळा असतो.

अर्थात प्रत्यक्षात सीमारेषा इतक्या ठळक नसतात. फिलिपिन्समध्ये लोकप्रतिनिधींना मिळणारा ‘प्राधान्य विकास निधी’ कागदावर विकासकामांसाठी होता, पण त्यातून रुग्णांची बिले आणि विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्याही दिल्या जात, आणि त्यासाठी लोकप्रतिनिधीचे पत्र लागे. निधीचा रस्ता झाला तर तो सर्वांचा होतो. तोच निधी पत्र घेऊन आलेल्या एका रुग्णासाठी वापरला की देणारा आणि घेणारा यांच्यात देण्याघेण्याचे खाते उघडते. २०१३ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निधी घटनाबाह्य ठरवला. अर्थसंकल्प मंजूर झाल्यानंतर विधिमंडळाच्या सदस्यांनी खर्चाच्या अंमलबजावणीत हात घालावा, हे न्यायालयाला मान्य झाले नाही. म्हणून तपासणी सुरू करताना योजनेचे नाव किंवा तिचा जाहीर हेतू न पाहता, तिचा लाभ एकेकट्या माणसाला वेगळा काढून देता किंवा नाकारता येतो का, एवढेच आधी पाहावे.

नियम वाचताना सहीच्या जागा मोजाव्यात

योजनेचा शासकीय आदेश मिळवावा आणि तो पात्रतेच्या निकषांसाठी नव्हे, तर निर्णयाच्या जागांसाठी वाचावा. निकष बहुधा सरळ असतात. अमुक उत्पन्नाच्या आतले, अमुक वयाच्या पुढचे. घोळ असतो तो निकष पुरे करणाऱ्यांची संख्या उपलब्ध जागांपेक्षा जास्त असते तेव्हा. अशा वेळी कोणाला आधी घ्यायचे याचा नियम आदेशात लिहिलेला नसेल, तर तो नियम कोणाच्या तरी तोंडी असतो, आणि तो कोणाच्या तोंडी आहे हे शोधणे हेच पुढचे काम ठरते.

अर्जाचा कोरा नमुना समोर ठेवून त्यावरील प्रत्येक सही, शिक्का आणि दाखला यांना एकेक खूण करावी. प्रत्येक खुणेपाशी चार गोष्टी विचाराव्यात : ही सही नाकारता येते का, नाकारल्यास कारण लेखी द्यावे लागते का, तिला मुदत आहे का, आणि तिच्याविरुद्ध दाद मागायची असल्यास ती सही करणाऱ्याच्याच हाताखालच्या माणसाकडे जावे लागते का. ‘कागदपत्रे अपूर्ण’ असा शेरा मारून परत केलेले अर्ज मिळाले तर ते विशेष लक्षपूर्वक पाहावेत. त्यात कोणते कागदपत्र कमी होते ते लिहिलेले नसेल, आणि तोच अर्ज पुढे कोणाच्या तरी शब्दाखातर त्याच कागदांनिशी मंजूर झालेला असेल, तर मर्जीची जागा सापडली असे समजावे. भाषणांची शंभर कात्रणे जमवण्यापेक्षा असे पाच अर्ज अधिक बोलतात, असे माझे मत आहे.

अर्जेंटिनाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. २००१ च्या आर्थिक संकटानंतर, २००२ मध्ये, तेथे बेरोजगार कुटुंबप्रमुखांसाठी दरमहा १५० पेसोंची योजना सुरू झाली. योजना केंद्र सरकारची आणि व्याप्ती प्रचंड होती. परंतु लाभाच्या बदल्यात आठवड्याला सुमारे २० तास काम किंवा प्रशिक्षण अपेक्षित होते, आणि ते काम कोठे द्यायचे व ते झाल्याचे कोणी सांगायचे यात नगरपालिका आणि स्थानिक संघटना यांना वाव राहिला. नियमाने विस्तृत असलेला हक्क या एका खिडकीपाशी येऊन अरुंद झाला. त्याच देशाने २००९ मध्ये आणलेला सार्वत्रिक बालभत्ता मात्र सामाजिक सुरक्षा संस्थेच्या नोंदींवरून थेट दिला जाऊ लागला. मुलाचे लसीकरण आणि शाळा या अटी राहिल्या, पण त्यांचे दाखले दवाखाना आणि शाळा देतात, पक्षाचा वस्तीतला माणूस देत नाही. अट असणे आणि अट पुरी झाल्याचा दाखला राजकीय माणसाच्या हाती असणे, यांतला फरक तपासणीत कधीही नजरेआड होऊ देऊ नये.

मध्यस्थाचा अभ्यास तुच्छतेने करू नये

सरकारी कचेरी आणि अर्जदार यांच्यामध्ये उभा असलेला कार्यकर्ता हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत गैरसमजाचा बळी ठरलेला माणूस आहे. त्याला थेट दलाल म्हणून बाजूला सारले की अभ्यास तेथेच खुंटतो. तो अर्ज भरून देतो, कोणत्या दिवशी कोणता साहेब जागेवर असतो हे सांगतो, रात्री रुग्णालयात सोबत येतो आणि मयतीलाही हजर असतो. ही कामे खरी आहेत, आणि ज्या राज्यव्यवस्थेची दारे गरिबाला कळतच नाहीत, तेथे ती दुसरे कोणी करत नाही. त्यामुळे त्याच्याबद्दल वस्तीत आदर आढळला तर तो अज्ञानातून आला आहे असे गृहीत धरू नये.

मध्यस्थाकडून नेमके काय जाणून घ्यायचे, ते ठरवून जावे. तो पैसे घेतो का, हा प्रश्न दुय्यम आहे. पुष्कळदा तो घेत नाही. त्याची मिळकत हजेरीत असते. सभेला किती माणसे आणली यावर पक्षातले त्याचे वजन ठरते, आणि त्या वजनावर पुढच्या वर्षी त्याच्याकडे किती लाभ वाटायला येतील हे ठरते. म्हणून लाभार्थ्यांना ‘सभेला न गेल्यास काय होते’ असा प्रश्न करावा. ‘काही होत नाही, पण जावे लागते’ हे उत्तर आले तर त्यातल्या ‘पण’पाशी थांबून पुढचे प्रश्न विचारावेत.

मतदान गुप्त असेल तर अट पाळली गेली हे पक्षाला कळते कसे, ही शंका येथे हमखास निघते, आणि ती रास्त आहे. आजच्यासारखे सरकारी छापील मतपत्रिकेवरचे गुप्त मतदान १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींत सुरू झाले. चिलीमध्ये १९५८ पर्यंत प्रत्येक पक्ष आपली मतपत्रिका स्वतः छापत असे, आणि जमीनदाराला आपल्या कुळांनी कोणती पत्रिका टाकली हे कळणे अवघड नव्हते. एकच सरकारी मतपत्रिका आल्यावर ज्या भागांत अशी बांधील कुळे जास्त होती, तेथे उजव्या पक्षांची मते घसरली, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. तेव्हापासून पाळत संपली नाही, ती सैल आणि सामूहिक झाली. कोण मतदानाला गेले हे दिसते, कोणाच्या दारावर कोणाचा झेंडा आहे हे दिसते, आणि मतदान केंद्रावरचे मतदार थोडे असतील तर केंद्रनिहाय निकालावरून संपूर्ण वस्तीचा कल कळतो. म्हणून केंद्रनिहाय निकाल प्रसिद्ध होतात का आणि एका केंद्रावर किती मतदार असतात, याची नोंद अभ्यासात असायलाच हवी. लोकशाहीत मतदाराने सत्ताधाऱ्याला जाब विचारायचा असतो. येथे पक्ष मतदाराला जाब विचारतो, आणि राज्यशास्त्रज्ञ सुझन स्टोक्स यांनी या अवस्थेला विकृत उत्तरदायित्व म्हटले आहे ते याच कारणाने.

प्रश्न विचारण्याची रीत

‘तुम्ही लाभाच्या बदल्यात मत दिले का’ असे थेट विचारून हाती काहीही लागत नाही. निकाराग्वाच्या २००८ च्या स्थानिक निवडणुकांनंतर झालेल्या एका सर्वेक्षणात थेट विचारल्यावर जेमतेम दोन-तीन टक्के मतदारांनी आपल्याला मतासाठी काही देऊ केले गेल्याचे कबूल केले. आडवळणाने विचारल्यावर तेच प्रमाण सुमारे २४ टक्के निघाले. आडवळणाची ही पद्धत समजायला सोपी आहे. उत्तर देणाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करतात. पहिल्या गटापुढे प्रचाराच्या काळात घडणाऱ्या चार निरुपद्रवी गोष्टींची यादी ठेवतात आणि यांपैकी किती गोष्टी तुमच्या बाबतीत घडल्या एवढेच विचारतात. कोणत्या घडल्या हे विचारत नाहीत. दुसऱ्या गटाच्या यादीत तीच चार वाक्ये आणि पाचवे वाक्य मताच्या बदल्यात काही देऊ केल्याचे असते. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचव्या वाक्याचे प्रमाण. कोणाही एका माणसाचे उत्तर उघडे पडत नाही, म्हणून उत्तर खरे मिळण्याची शक्यता वाढते. त्यासाठी गट मात्र मोठे लागतात. चाळीस-पन्नास माणसांत हा प्रयोग करून टक्केवारी छापणे हे निव्वळ धाडस होय.

आकड्यांकडे वळताना

लाभाचे आकडे मतांच्या आकड्यांशेजारी मांडले की काही ना काही नाते दिसतेच, आणि येथेच घाई होते. सत्ताधारी पक्षाला गरीब भागांत जास्त मते मिळत असतील आणि योजना गरिबांसाठी असेल, तर कोणताही पक्षपात नसतानाही पैसा त्याच्याच भागात जास्त गेलेला दिसेल. म्हणून तुलना नेहमी सारख्या गरजेच्या भागांत करावी.

मेक्सिको हा या बाबतीत वस्तुपाठच आहे, कारण एकाच देशात दोन्ही प्रकार एकापाठोपाठ घडले. १९२९ पासून सलग सत्तेत असलेल्या पीआरआय या पक्षाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस सालिनास यांनी डिसेंबर १९८८ मध्ये ‘प्रोनासोल’ हा मोठा दारिद्र्यनिवारण कार्यक्रम सुरू केला. त्याच्या खर्चाचा नंतर पालिकानिहाय अभ्यास झाला तेव्हा, इतर गोष्टी सारख्या धरल्या असताही, पीआरआयच्या ताब्यातील पालिकांना दरडोई जास्त पैसा गेल्याचे आढळले. १९९७ मध्ये आलेल्या ‘प्रोग्रेसा’ची रचना वेगळी होती : गावे जनगणनेच्या माहितीवरून, कुटुंबे ठरलेल्या सर्वेक्षणावरून निवडली जात आणि रक्कम थेट आईच्या हाती दिली जाई. पुढे योजनेच्या कागदपत्रांवर ही योजना सार्वजनिक असून कोणत्याही पक्षाची नाही, असा मजकूरही छापला जाऊ लागला. २००० मध्ये पीआरआयने राष्ट्राध्यक्षपद गमावले. योजना चालू राहिली, २००२ मध्ये तिचे फक्त नाव बदलले. सत्ताबदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या लाभार्थी याद्या शेजारी ठेवणे ही मला उपलब्ध कसोट्यांपैकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासार्ह कसोटी वाटते. माणसे तीच राहिली तर यादी नियमाने बनली होती. कार्यकर्त्यांबरोबर यादीही पालटली तर वेगळा पुरावा फारसा लागत नाही.

विषमतेचा हिशेब कसा मांडावा

आश्रयशाहीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो टाळू नये : या मार्गाने निदान गरिबांपर्यंत काहीतरी पोहोचते. हे अंशतः खरे आहे. म्हणूनच लाभ गरिबांना गेला की नाही एवढे पाहून विषमतेचा निष्कर्ष काढता येत नाही. तीन निरनिराळ्या पातळ्यांवर हिशेब मांडावा लागतो.

पहिली पातळी गरिबांच्या आतली आहे. ज्याच्या घरात मते जास्त, ज्याची ओळख जास्त, तो पुढे सरकतो. एकटी विधवा, नुकतेच स्थलांतर करून आलेले कुटुंब, मतदारयादीत नाव नसलेला मजूर हे मागे राहतात. लाभार्थ्यांची सरासरी गरिबी मोजून हे दिसत नाही. पात्र असून वगळलेल्यांची वेगळी यादी करावी लागते, आणि ते काम बहुतेक अहवालांत झालेलेच नसते.

दुसरी पातळी कोणत्या प्रकारच्या खर्चाला प्राधान्य मिळते याची. चांगली शाळा किंवा स्वच्छ पाणी वस्तीला एकदा मिळाले की ते विरोधकालाही मिळते; पुढाऱ्याच्या हाती अडवायला काही उरत नाही. नोकरी, घरकुल, भत्ता हे मात्र माणूस पाहून देता येतात. म्हणून आश्रयशाही घट्ट असलेल्या ठिकाणी खर्च दुसऱ्या प्रकाराकडे झुकतो. दक्षिण इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत अपंगत्वाची निवृत्तिवेतने आणि सरकारी नोकऱ्या यांचा जो राजकीय वापर झाला, तो याचे बहुचर्चित उदाहरण आहे; नोकरी नसलेल्या भागाला उद्योगाऐवजी निवृत्तिवेतन मिळत राहिले. शिवाय नोकऱ्यांच्या स्वरूपातला आश्रय बहुधा शिकलेल्या मध्यम थरालाच मिळतो, तळाच्या माणसाला नव्हे. मतदारांनाही या झुकावाची सवय होते. बेनिनमध्ये २००१ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राज्यशास्त्रज्ञ लेनर्ड वॉन्चेकॉन यांनी पक्षांच्या सहकार्याने एक प्रयोग केला : काही गावांत फक्त स्थानिक लाभांची आश्वासने, तर काही गावांत फक्त राष्ट्रीय धोरणाचा प्रचार. एकूणात पहिल्या प्रकारच्या प्रचाराचा प्रभाव जास्त पडला. स्त्रियांचा प्रतिसाद मात्र धोरणाच्या प्रचाराला तुलनेने अधिक मिळाला. आश्रयाच्या जाळ्यात ज्यांना वाटा कमी मिळतो, त्यांना सार्वत्रिक धोरण अधिक भावते, असा याचा एक अर्थ लावता येतो.

तिसरी पातळी सर्वांत कमी तपासली जाते : गरिबाची असुरक्षितता कायम राहण्यात कोणाचा फायदा आहे. ब्राझीलच्या कोरडवाहू ईशान्य भागात पावसाचे पाणी साठवण्यासाठी घराशेजारी सिमेंटच्या टाक्या बांधून देण्यात आल्या. एका टाकीत सुमारे १६,००० लिटर पाणी मावते. कोणत्या कुटुंबांना टाकी द्यायची हे संशोधकांच्या सहभागाने सोडत काढून ठरवले गेले. टाकी मिळालेल्या कुटुंबांनी राजकारण्यांकडे वैयक्तिक मदत मागण्याचे प्रमाण कमी झाले, आणि २०१२ च्या स्थानिक निवडणुकीत सत्तेवर असलेल्या महापौरांची मतेही घटली. टाकी कोणत्या पक्षाची म्हणून आली नव्हती. घरात पाणी असल्यामुळे दुष्काळात टँकरसाठी कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही, एवढेच घडले. म्हणून योजनेचा परिणाम मोजताना केवळ उत्पन्न न मोजता, अडचणीच्या वेळी कुटुंब पहिल्यांदा कोणाकडे जाते हेही योजनेपूर्वी आणि योजनेनंतर विचारावे.

सुधारणा सुचवताना

थेट खात्यात रक्कम, लाभार्थ्यांच्या नावाचे कार्ड, जाहीर यादी, मुदतीत लेखी उत्तर, स्वतंत्र तक्रार यंत्रणा हे उपाय सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या ब्राझीलच्या ‘बोल्सा फामिलिया’त रक्कम सरकारी बँकेच्या कार्डावर, शक्यतो स्त्रीच्या नावे, जाऊ लागली आणि स्थानिक पुढाऱ्याच्या हातातली एक दोरी सुटली. भारताच्या २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे कामाच्या नोंदी ग्रामसभेपुढे तपासणे, कायद्यातच आणले. परंतु प्रत्येक उपायानंतर मर्जी कोठे सरकली हे पुन्हा पाहावे लागते. पैसे देण्यातली मर्जी गेली की नोंदणीतली वाढते. नोंदणी संगणकावर गेली की चुकीची नोंद दुरुस्त करून देणारा माणूस नवा मध्यस्थ होतो. त्याची मदत करण्याची बाजू कोणीतरी पगारी, बदलीपात्र आणि जाब देण्यास बांधील अशा सेवकाने उचलली नाही, तर जुना कार्यकर्ता थोड्याच दिवसांत परत येतो, आणि लोक त्याचे स्वागतच करतात.

अहवाल लिहिताना एक पथ्य कडक पाळावे. ज्यांनी माहिती दिली त्यांचा लाभ थांबवू शकणारी व्यक्ती तो अहवाल वाचणार आहे, असे धरूनच लिहावे. नावे बदलणे पुरेसे नसते; तीन मुलींची विधवा, अमुक गल्लीत राहणारी, एवढे वर्णनही लहान वस्तीत नाव सांगितल्यासारखेच असते. वस्तीचा उल्लेख गटाने करावा, मुलाखती मध्यस्थाच्या घरी किंवा त्याच्या समक्ष घेऊ नयेत, मूळ नोंदी लाभार्थी यादीच्या क्रमांकांपासून वेगळ्या ठेवाव्यात, आणि अहवाल प्रसिद्ध झाल्यावर पुढच्या एक-दोन वाटपांच्या वेळी त्या लोकांना लाभ मिळाला की नाही याची विचारपूस अवश्य करावी.